बिनकुलपाचं कोठार

"कुलपाचा विषय तुम्ही आपणहून काढायचा नाही," बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात गाडी उभी करत मिझुकोशी-साहेब म्हणाले. "नकाशा दाखवा, चहा प्या, की निघू. चारच्या आत घाट उतरायचाय. आभाळ बघा कसं झालंय."

हात्सुए ओगिनोने मान डोलावली. मांडीवरची नकाशाची गुंडाळी उचलून ती गाडीतून उतरली.

नगर कार्यालयात ती एकतीस वर्षं नकाशे काढत होती. पाण्याच्या टाक्या, बसथांबे, स्मशानाचं कुंपण. त्यातल्या एकानेही तिची झोप उडवली नव्हती. ताकिनोसावा वाडीच्या नव्या समाजघराचा नकाशा मात्र तिने सात वेळा काढला होता, आणि दर वेळी कोठाराच्या दारापाशी तिची पेन्सिल अडली होती.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत भूकंप झाला. घाटरस्ता दरीत गेला, वाडीतली निम्मी घरं बसली, वरून चार दिवस बर्फ. चोपन्न माणसं या शाळेच्या वर्गांत दाटीवाटीने राहिली. जुन्या समाजघरामागचं कोठार शाबूत होतं. आत सगळ्यांना पुरेल असा तीन दिवसांचा, पाणी घालून खायचा पाकिटातला सुका भात, डबाबंद मासळी, पाणी. पण दाराला सरकारी कुलूप. एक किल्ली कार्यालयात, दुसरी वाडीप्रमुखांकडे असायची. ती दुसरी किल्ली नवं लेबल लावायला म्हणून कोठाराच्या तपासणीला नेहमी येणाऱ्या हात्सुएनेच नोव्हेंबरात मागून नेली होती. लेबलं वेळेवर छापून आली नाहीत. किल्ली तिच्या टेबलाच्या खणात राहिली.

चौथ्या सकाळी लोकांनी कुऱ्हाडीने कडी तोडली. आदल्या दिवशी ईसाकु नावाचे म्हातारे गेले होते. डॉक्टरांनी कारण हृदयविकार लिहिलं. अहवालात 'किल्ली उपलब्ध झाली नाही' एवढंच आलं. वाडीप्रमुख मुलीकडे शहरात राहायला गेले, आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. हात्सुएनेही सांगितलं नाही.

वर्गात रॉकेलची शेगडी पेटली होती. वीसेक म्हातारी माणसं पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसली होती. पहिल्या रांगेत ईसाकुंची बायको किकुनो, कापूस भरलेल्या जाकिटाच्या बाह्यांत हात खुपसून.

हात्सुएने फळ्यावर नकाशा टाचला. "ही मोठी चटयांची खोली. रोज इथे चहा, पत्ते, व्यायाम. वेळ आली तर पन्नास जण झोपतील. मधे स्वयंपाकघर. वीज गेली तरी लाकडाची चूल चालेल. आणि स्वयंपाकघराला लागून कोठार. दर गुरुवारी सगळ्यांचं जेवण इथेच करायचं. जुनी पाकिटं वापरायची, नवी भरायची. म्हणजे काही सडणार नाही."

"दर गुरुवारी तो सुका भात?" मागून तोराझो ओरडला. "अहो बाई, त्यापेक्षा भूकंप बरा!"

सगळे खो खो हसले. मिझुकोशी-साहेबही हसले. हात्सुएला वाटलं, निभावलं.

"कोठाराला कुलूप आहे का?" किकुनोने विचारलं.

हसू थांबलं. साहेब पुढे सरसावले. "आकड्यांचं आहे, किकुनो-सान. किल्लीची भानगडच नाही. कार्यालयात फोन केला की आकडे सांगतील."

"फोन बंद असला तर?"

साहेब नकाशाची टाचणी दाबू लागले. आता गप्प बसलं तर कायमचं गप्प बसावं लागेल, हे हात्सुएला कळत होतं.

"वाडीची किल्ली माझ्याकडे होती," ती म्हणाली. "लेबल लावायला नेली होती. परत द्यायची राहिली. त्या चार दिवसांत ती माझ्या खणात होती."

"ओगिनो-सान!" साहेब दबल्या आवाजात म्हणाले.

हात्सुए माफीसाठी कमरेत वाकली आणि तशीच राहिली. कुणी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"पहिल्याच दिवशी तोराझो कुऱ्हाड घेऊन निघाला होता," किकुनो म्हणाली. "मीच अडवला त्याला. म्हटलं, सरकारी कुलूप आहे, तोडू नका. ओगिनो-सान किल्ली घेऊन येतील. त्या नेहमी येतात."

हात्सुएला वर बघवेना.

"दुसऱ्या दिवशीही मीच अडवला. आमचे हे म्हणाले, ऐका तिचं." किकुनोने बाहीतून हात काढून तिला उठायची खूण केली. "उभ्या राहा हो. तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघेन. कोठाराचं काय ते बोला."

हात्सुए सरळ झाली. तिने पेन्सिल घेतली आणि नकाशावरची कोठाराची भिंत खोडली, मग दार खोडलं. "स्वयंपाकघरातच उघडी फडताळं. दार नाही, कुलूप नाही."

"कार्यालय मंजूर करायचं नाही हे," साहेब म्हणाले. "काही गेलं तर जबाब कोण देणार?"

"नकाशावर सही माझी असते, साहेब."

(मंजुरीला पुढे पाच महिने लागले. तिला दोनदा लेखी खुलासा द्यावा लागला, आणि त्या खणातल्या किल्लीबद्दल ठपकाही बसला. फडताळं मात्र उघडीच राहिली.)

साहेब घड्याळ बघत खिडकीशी गेले. बाहेर बर्फ भुरभुरू लागलं होतं.

"उंच नका करू ती," किकुनो म्हणाली. "वरचं काढून द्यायला आता घरात कुणी नाही."

"किती उंच चालेल?"

"ते मला काय सांगता येतंय?"

"इथे येता का जरा?"

किकुनो उठली, फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि तिने उजवा हात वर केला. हात्सुएने बोटांच्या टोकाशी खडूने रेघ ओढली, मोजायची फीत जमिनीपर्यंत सोडली आणि आकडा वाचायला खाली वाकली. मागे खुर्च्या सरकल्या. तोराझो आणि दोघी बायका रांगेत येऊन उभे राहिले.

"झालं?" किकुनोने विचारलं.

"एक मिनिट. लिहून घेते."

लिहायला तिला वेळ लागला. तोवर किकुनोने हात तसाच वर धरून ठेवला.