रविवार न दिसणारी शोधपट्टी

मित्रांनो, चाकणच्या एका कारखान्यात संगणकाच्या पडद्यावर नाव टाकायची पांढरी पट्टी दिसते ना, ती मी. एक जुनी शोधपट्टी. जुनी म्हणजे गेल्या वर्षीची, पण आमच्यात तेवढ्यात पणजीबाई होतात.

माझा जन्म मारुंजीतल्या भाड्याच्या खोलीत, सलिल नावाच्या तरुणाच्या मांडीवर झाला. मांडीवर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये मी. काय शोधायचे, काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे नियम त्याने मला दिले. बारसे झालेच नाही, थेट नोकरी लागली. दसऱ्याला कारखान्यातल्या यंत्रांबरोबर माझ्या पडद्यालाही कुंकू लागले. ते नेमके माझ्यावरच आले आणि दिवाळीपर्यंत कुणी पुसले नाही. नाव टाकण्याआधी काहीजण नकळत हात जोडत.

एचआरचे हिंदुराव माझे भारी कौतुक करत. "पट्टी नाही राव, पोलीस पाटील आहे!"

मग मला नवे काम मिळाले. कंत्राटी कामगारांना कायम करण्याआधी त्यांची हजेरी मोजायची. पहिले नाव आले आम्रपालीचे. ती लातूरकडची, तपासणी विभागात कामाला. मी मोजले आणि लाल अक्षरांत सांगितले: 'हजेरी अपुरी'.

"साहेब, एक खाडा न्हाई माझा," ती म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," हिंदुराव म्हणाले.

तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता आठवले की पडद्याआड तोंड लपवावेसे वाटते.

कायम करायच्या लोकांची नावे त्याच संध्याकाळी वर जायची होती. तिचे नाव गेले नाही, तर कंत्राट संपणार आणि गावची गाडी धरावी लागणार. ती जागची हलेना. म्हणून हिंदुरावांनी संगणक बंद करून चालू केला. माऊस बदलला. आडनाव आधी टाकून पाहिले. शेवटी मॉनिटर पूर्वेकडे फिरवला. मी पूर्वेकडे तोंड करूनही तेच सांगितले.

मग त्यांनी सलिलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, आज रविवार ना? सुट्टी आहे. उद्या बघू का?"

"रविवारची कसली सुट्टी रे? आमची सुट्टी गुरुवारी!"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"गुरुवारी?"

"व्हय दादा," आम्रपाली म्हणाली, "गुरुवारी कारखाना बंद असतोय. रविवारी मी हितंच असते. आत्ताबी हितंच हाय की!"

"आईशप्पथ," सलिल पुटपुटला. "मी आमच्या ऑफिसचं कॅलेंडर जोडलंय. शनिवार-रविवार सुट्टी. सुट्टीची हजेरी धरू नको, असं पट्टीला सांगितलंय."

खरे होते. तिचे सगळे शनिवार-रविवार माझ्या पाठीमागे व्यवस्थित पडून होते. तिकडे बघायची मला मनाई होती. वर गुरुवारी ती का आली नाही, याचा रागही मी तिच्यावर धरला होता.

सलिलने घरूनच कॅलेंडर बदलले. हिंदुरावांनी नाव पुन्हा टाकले. ओळीने सगळे रविवार उभे राहिले. आम्रपालीने त्यातल्या एकावर बोट ठेवले.

"ह्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, साहेब. सुट्टी मिळाली न्हाई. सगळे इचारत होते म्हणे, थोरली कुठंय?"

हिंदुरावांनी आधी तिचे नाव वर पाठवले. मग उठले आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. सकाळपासून ती उभीच होती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. माझ्यासारखी एखादी पट्टी 'हा माणूस सापडत नाही' म्हणाली, तर तिला कुठे बघायला मनाई केली आहे, ते आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाला खुर्ची द्या. आम्हाला ती लागत नाही.