बोर्डावरची पंधरा सप्टेंबर

जरा वर बघा, घड्याळाच्या खाली. हां, मीच बोलतोय, हा पांढरा बोर्ड. तारीख बघायला येता आणि माझ्याकडं बघतच नाही तुम्ही!

अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका शेडमध्ये माझा जन्म झाला. ॲल्युमिनियमची चौकट ठोकली तेव्हा वाटलं, शाळेत जाऊ, पोरं गणितं सोडवतील. नशीब बघा! मेनरोडवरच्या दुकानातून शेखर सरांनी मला उचललं आणि द्वारका चौकाजवळच्या या ऑफिसात टांगलं. सर लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देतात. माझ्यावर लिहायचं एकच, रिटर्न भरायची शेवटची तारीख.

खरी तारीख असायची एकतीस जुलै. सर लिहायचे वीस. "खरी लिहिली तर सगळे तीसलाच उगवतील," असं ते मदतनीस उज्वलाला म्हणायचे. मीही म्हटलं, असू दे, लोकांच्या भल्यासाठीच आहे. पण गिऱ्हाईकं सरांच्याही वरचढ. हार्डवेअरवाले ललितशेठ मला बघून हसायचे. "सर, तुमची वीस म्हणजे आमची तीस! आणि मुदत वाढतेच हो, कशाला जीव काढता?" मग चहा पिऊन जायचे. कागद घरीच.

माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच, शहनाजभाभी. जिन्याखालच्या जागेत दोन मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायच्या. जूनमध्ये येऊन तारीख बघायच्या, छोट्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि वीसच्या आत कागद घेऊन हजर. उज्वलाकडं आठवण करायच्या फोनची यादी होती, साठ-सत्तर नावांची. तीत भाभींचं नाव नव्हतंच. गरजच काय?

मागच्या वर्षी त्यांचं तिसरं रिटर्न होतं. एक संस्था बायकांना दुकानाचे गाळे देणार होती. अट अशी की सलग तीन वर्षं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. उशिरा दंड भरून रिटर्न जातं, पण गाळ्यासाठी ते चालणार नव्हतं. "भाऊ, एवढं झालं की जिन्याखालून सुटले बघा," भाभी म्हणाल्या होत्या. "उठताना रोज डोकं आपटतं. टेंगूळ जायचं नावच घेत नाही."

एकोणीस जुलैला त्या कागद घेऊन आल्या. नेमकं त्याच सकाळी ललितशेठनी सरांना मोबाइलवर सरकारी पत्राचा फोटो पाठवला होता, मुदत वाढल्याचा. सरांनी ना वर्ष बघितलं, ना खात्याची वेबसाइट उघडली. "सुटलो बुवा!" म्हणत उठले, मला पुसलं आणि लिहिलं, 'मुदत वाढली, १५ सप्टेंबर'. खाली दोन रेघा.

"भाभी, बोर्ड वाचा की. ऑगस्टमध्ये या, निवांत करू."

"पण माझं तर आत्ताच तयार आहे, भाऊ."

"अहो, मी आहे ना!"

भाभींनी माझ्याकडं पाहिलं, वहीत पंधरा सप्टेंबर लिहिलं आणि कागद परत नेले.

एकोणतीसला कळलं, ते पत्र कुठल्याशा जुन्या वर्षाचं होतं. वरची तारीख कुणीतरी कापली होती. मग काय, पळापळ! सरांनी मला खसाखसा पुसलं, उज्वलानं यादी काढून फोन लावले. ललितशेठना चार फोन गेले आणि एकतीसला त्यांचंही रिटर्न गेलं. भाभींना एकही फोन गेला नाही. मी काय करणार? मला कुणी लिहील तेवढंच बोलता येतं.

ऑगस्टमध्ये भाभी आल्या, फाईल घेऊन. सरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"भाभी, फार उशीर केलात हो तुम्ही."

"मी? तुम्हीच तर सांगितलं. बोर्डावर लिहिलं होतं, पंधरा सप्टेंबर."

"बोर्डावर?" सरांनी माझ्याकडं हात केला. "कुठंय? दाखवा बरं."

मी कोरा होतो. उज्वला खाली मान घालून बसली. भाभींनी वही उघडून पुढं धरली, तर सर म्हणाले, "ते तुमचं अक्षर आहे, भाभी."

अरे, ज्या हातानं लिहिलंस त्याच हातानं पुसलंस, आणि साक्षीला मलाच उभं करतोस? इतका संताप मला कधी आला नव्हता. मी याच्या ऑफिसात इतकी वर्षं इमानानं लटकलो, आणि यानं मला खोटारडा करून टाकलं.

गाळा दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

यंदा जूनमध्ये भाभी जुने कागद परत न्यायला आल्या. सर बाहेर गेले होते. उज्वलानं फाईल दिली आणि हळूच म्हणाली, "भाभी, यंदा सरांनी खरी तारीख लिहिलीय. बोर्डावर बघून घ्या."

खरीच होती. एकतीस जुलै, चांगली ठळक. बघा ना भाभी, एकदा वर बघा. यंदा मी खोटं बोलत नाहीये हो.

"बोर्डाचं राहू दे गं," भाभी म्हणाल्या. वही त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. त्या निघाल्या. ऑफिसचं दार चांगलं उंच आहे, तरी बाहेर पडताना त्यांनी डोकं वाकवलं.