बाराच्या आतला चहा

मी एक जुना, काळजीखोर डबा आहे, मित्रांनो. पत्र्याचा, वीतभरही उंच नाही. कारखान्यात माझ्या पोटात आटवलेले गोड दूध भरून वर झाकण दाबले, तेव्हापासून माझ्या मनाला घोर लागलेला आहे. खोक्यात असताना वाटे, पोचा येईल. दुकानाच्या फळीवर वाटे, मला कोणी घेणारच नाही. मग मौलमेन गावातल्या मा न्वे यीने मला घरी आणले आणि माझ्या माथ्याला दोन भोके पाडली. त्याचे मला काही वाटले नाही, पण मुंग्यांची मात्र धास्ती वाटे. तिने मला पाण्याच्या ताटलीत उभे केले होते. मुंग्या चारी बाजूंनी येऊन पाण्यापाशी थांबत, आणि ते पाणी आटत तर नाही ना, हे मी दिवसभर बघत असे.

ते दिवस पाण्याच्या सणाचे होते, जुने पाप धुऊन निघावे म्हणून नव्या वर्षाला एकमेकांवर पाणी ओततात तो सण. गावातली दुकाने बंद होती, चहाचीसुद्धा. एरवी न्वे यीच्या घरी चहा होतच नसे. तिचा लेक प्ये सोन सकाळी किटली घेऊन कोपऱ्यावर जाई आणि गोड, दाट, सायीसारखा चहा घेऊन येई. घर गाठेपर्यंत त्यातला निम्मा त्यानेच संपवलेला असे. पण त्या सणात त्याचे डोके भादरले होते. आमच्याकडच्या सगळ्या मुलांसारखा तोही थोड्या दिवसांसाठी चीवर घालून टेकडीवरच्या विहारात श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू झाला होता. नऊ वर्षांचे पोर ते. एका सकाळी विहारातून निरोप आला की तो भाताला हात लावत नाही आणि उशीत तोंड खुपसून रडतो.

न्वे यीच्या तोंडचे पाणी पळाले.

"मी त्याच्यासाठी चहा करून नेते," ती सासूला म्हणाली. "तो पोटात गेला की भातही जाईल."

सासू, म्हणजे दॉ फ्वा शीन, दारात पान लावत बसली होती. "घड्याळ बघितलंस का? बारा वाजले की भन्ते लोक काही खात नाहीत. दुधाचा चहा तर नाहीच नाही. आणि तुला चहा येतो कुठे?"

"त्यात काय यायचंय?"

पुष्कळ काही यायचे होते. पहिल्या खेपेला तिने पत्तीला जेमतेम एक उकळी दिली आणि माझ्यातले दूध ओतले. सासूने घोट घेऊन तोंड वेडेवाकडे केले. "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" दुसऱ्या खेपेला तिने दूध चुलीवरच्याच पातेल्यात घातले. ते तळाला लागले आणि घरभर करपट वास सुटला. माझे तर धाबेच दणाणले. माझ्यात आता एकाच चहापुरते दूध उरले होते, आणि दुकाने बंद असल्यामुळे दुसरा डबा मिळणार नव्हता. ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आले होते.

तेव्हा कुठे सासू उठली. "सरक तिकडं. पत्ती अजून उकळू दे. अजून. काळपट लाल झाली पाहिजे. चिमूटभर मीठ टाक. आता दूध आधी मगमध्ये, चहा त्याच्यावर. आणि उंचावरून ओत, ह्या मगमधून त्या मगमध्ये. घाबरतेस कशाला? माझ्यावरचा राग आठव आणि ओत!"

न्वे यीने राग आठवला असावा. चहाची धार लांबली, वर फेस आला आणि वास असा सुटला की सासूने न मागता मान डोलावली. चहा फ्लास्कमध्ये गेला. तिथे गोड कमी वाटला तर असावे म्हणून उरल्यासुरल्या दुधासकट मलाही तिने पिशवीत घेतले.

रस्त्यावर जिकडे तिकडे बादल्या आणि नळ्या घेतलेली माणसे उभी होती. न्वे यी ओरडत होती, "सोडा रे, विहारात चाललेय!"

"मग तर थोडं पुण्य घेऊनच जा, ताई!" असे म्हणून एकाने अख्खी बादली तिच्यावर रिकामी केली. फ्लास्क छातीशी धरून ती वाट काढत होती. पिशवीत माझ्या भोकांत पाणी शिरेल या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. टेकडीच्या पायऱ्या ती धावतच चढली. वरच्या वळणावर होती, तेवढ्यात विहारातला लाकडी टोल वाजला. बारा वाजले होते.

तरी ती गेली. गुडघे टेकून तिने तीनदा नमस्कार केला, आधी थोरल्या भन्तेंना आणि मग आपल्या पोटच्या पोराला. त्याचे गाल बसले होते. तिने फ्लास्क उघडला. वास पसरला आणि तो पुढे सरकला.

थोरले भन्ते हळूच म्हणाले, "आजारी माणसाला सूट असते, छोटे भन्ते. घ्यावंसं वाटलं तर घ्या."

प्ये सोनने फ्लास्ककडे हात पुढे केले. मग त्याने हात मांडीवर ओढून घेतले.

"आता नको, उपासिका," तो म्हणाला; चीवर घातल्यावर आईलाही आई म्हणायचे नसते. "बारा वाजून गेले. उद्या सकाळी मी भात खाईन."

मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर रागही आला.

"बरं, भन्ते," न्वे यी म्हणाली आणि तिने पुन्हा हात जोडले. निम्म्या पायऱ्या उतरल्यावर ती खाली बसली आणि फ्लास्कच्या झाकणात ओतून तिने तो सगळा चहा एकटीने पिऊन टाकला. "चांगला झाला होता," ती मोठ्याने म्हणाली आणि मग रडली.

दुसऱ्या दिवसापासून तो जेवू लागला. सण सरला, बाकीची मुले घरी परतली, त्यांचे केस वाढले. तो मात्र म्हणाला, मी इथेच राहतो. तिने नाही म्हटले नाही. मी रिकामा झाल्यावर तिने माझा माथा कापून टाकला आणि इथल्या घरोघरच्या रिकाम्या डब्यांसारखे मला तांदळाचे माप केले. रोज पहाटे ती भात शिजवून दारात अनवाणी उभी राहते. भिक्षूंची रांग येते. त्यात तो असतो, आता उंच झालेला. ती त्याच्या पात्रात भात वाढते. तो नजर वर उचलत नाही, तसा नियमच आहे. तो वाळला आहे का, खोकतो आहे का, हे ती त्या तेवढ्या वेळात बघून घेते, आणि चुलीपाशी मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायला बघतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. पत्र्याला गंज चढायचाच. पण घरात कोणी तुमच्यासाठी चहा टाकला आणि हाक मारली, तर नुसते "आलो, आलो" म्हणत बसून राहू नका. तो गरम आहे तोवर प्या, पातळ झाला असला तरी प्या. आणि ज्या बाईने तो केला तिला, अजून तसे म्हणायला चालते आहे तोवर, आई म्हणून हाक मारा.