रोजचाच सोमवार

आमच्या दुकानात सकाळचं पहिलं काम झाडू मारायचं नव्हतं, तारीख मागे न्यायचं होतं. कॉम्प्युटर सुरू केला की मी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ उघडायचे, ते त्याच एका जुन्या सोमवारावर आणून ठेवायचे, वेळ सकाळी नऊ, आणि मग नणंदेला हाक मारायचे, "ये गं, झाला तुझा सोमवार."

ही युक्ती माझ्या दिराची. कपड्यांचे साचे आखायचा प्रोग्रॅम महिनाभर फुकट मिळायचा, पुढे पैसे. भाऊजींनी शोधून काढलं की तारीख पुढे सरकलीच नाही तर महिना संपतच नाही. घरात सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली, सगळ्यात जोरात मी. का थोपटू नये? त्या प्रोग्रॅमची किंमत ऐकून मला घेरी यायचीच बाकी होती. आमच्या दोन्ही मशिनी विकल्या असत्या तरी भागलं नसतं!

नणंद कधीतरी म्हणायची, "वहिनी, बनवणाऱ्यांनी पण डोळे फोडून बनवलाय तो."

"एवढी मोठी कंपनी आपल्यामुळे भिकेला लागणार आहे का? समुद्रातून तांब्याभर पाणी काढलं तर समुद्राला कळतं?" मी तिला गप्प करायचे. ती परत साच्यावर वाकायची, कारण माझ्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, हे तिला मी सून होऊन आल्यापासून ठाऊक.

आम्ही शिवतो ते तयार कपडे ज्यांना होत नाहीत त्यांच्यासाठी. एक खांदा वर, एक खाली, पाठीला बाक, चाकाच्या खुर्चीत बसणारे. साचा नणंदेचा, कापणं आणि शिवणं माझं. आमच्यासारखं या गल्लीत कोणी शिवत नाही, हे मी तोंडावर सांगते.

तर एकदा एक व्हायोलिनवाली आली. पाठीच्या कण्याला जन्मापासून वळण. बोलायला मोकळी, पण परीक्षेचं सांगताना आवाज बारीक झाला. "शनिवारी वाद्यवृंदात निवडीची परीक्षा आहे. जागा एकच. काळा कोट सक्तीचा. मागच्या वेळी विकतचा कोट घालून गेले, हात वरच जाईना, अर्ध्यावर थांबवलं मला. आता वयाच्या अटीत ही शेवटची संधी."

मी म्हटलं, "बाई, तुमचा हात अडला तर नाव बदलेन." माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

कच्चा कपडा घालून बघितला तर उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो घेर, काचत होता. नणंदेने दुसऱ्या दिवशी सकाळी बसून साचा सुधारला आणि अस्तर आणायला बाजारात गेली. मी साचा छापायला घेतला. फायली दोन. नावं देण्यात आमच्या नणंदबाईंचा हात कोणी धरणार नाही: एकीचं नाव 'कोट पक्का', दुसरीचं 'कोट अखेरचा'. मी म्हटलं, वेळ बघू, नंतरची ती खरी. एकीवर सोमवार संध्याकाळ होती, दुसरीवर सोमवार सकाळ. मी संध्याकाळची छापली आणि ते सुंदर काळं कापड बेतून मोकळी झाले.

गुरुवारी व्हायोलिनवालीने कोट चढवला, व्हायोलिनचा गज धरल्यासारखा हात उचलला, आणि टर्रकन शिवण उसवली. ती खाली बघत एकेक बटण काढत राहिली. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर मी नणंदेवर तोंड टाकलं. "नीट नाव देता येत नाही तुला?"

तिने स्क्रीनकडे बघितलं आणि डोकंच धरलं. "वहिनी, संध्याकाळची फाइल परवाची आहे. सुधारलेली कालची, सकाळची. पण आपल्याकडे रोज तोच सोमवार. आपल्या घड्याळात काल आधी येतो आणि परवा नंतर."

मी उसवलेला कोट उचलून बाजूला ठेवला.

निदान कापड तरी मागवू म्हणून मी कापडवाल्याला पैसे पाठवायला बसले. बँकेच्या पानाला जुनी तारीख चालत नाही, म्हणून घड्याळ खरं केलं. एरवी मी आधी प्रोग्रॅम बंद करायचे. त्या दिवशी घाईत विसरले. पैसे गेले, आणि प्रोग्रॅमने खरी तारीख बघून घेतली. 'मुदत संपली.' घड्याळ किती मागे ओढलं तरी त्याने तोंड उघडलं नाही. सुधारलेला साचा आत अडकला आणि आम्ही बाहेर.

भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "काळजी करू नका, दुसरी फुकटची कॉपी मिळते, टाकून देतो."

"नको दादा," नणंद फोनमध्ये वाकून म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझं काम आहे ते. मला माझी फाइल खऱ्या तारखेची हवी." फोन ठेवून तिने कंपनीचं पान दाखवलं. महिन्याच्या भाड्याने परवाना मिळत होता.

"हे तर आपल्या दुकानाच्या भाड्याएवढं आहे!"

"हो. महाग आहे."

"दर महिन्याला कुठून आणायचे?"

ती रडायला लागली. माझं डोकं फिरलं, तिच्यावर नाही, माझ्यावर. पदर खोचला आणि गल्लीत निघाले. समोर शर्टवाला, पलीकडे गणवेशवाली. सरळ विचारलं, "तुमच्याकडे प्रोग्रॅम विकतचा आहे की आमच्यासारखा?"

गणवेशवालीने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आमचा तर बुधवार आहे."

मी इतकी हसले की तीही हसली. शर्टवाला मात्र जुना राग काढायला टपलेला. त्याने एकदा आमचा जाकिटाचा साचा कागद ठेवून गिरवला होता आणि मी भर गल्लीत त्याची बिनपाण्याने केली होती. "वहिनी, चोरी ती चोरी, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते, आणि आजही म्हणते," मी म्हटलं. "म्हणून तर आलेय. परवाना आम्ही घेतो. तुमचे साचे माझी नणंद आखून देईल, आखणीचे पैसे तिला द्या. चालतंय का बोला. आणि तिचा मुंढा तुमच्यापेक्षा चांगला बसतो हे तुम्हालाही माहीत आहे."

तो गाल खाजवत राहिला, मग म्हणाला, "ते खरं आहे." गणवेशवालीने पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम त्याच दिवशी आणून दिली. परवान्याचं पहिल्या महिन्याचं भाडं निघालं.

प्रोग्रॅम उघडला. सुधारलेला साचा, 'कोट पक्का', आत जसाच्या तसा होता. कापड आलं आणि मी रात्रंदिवस मशीन चालवलं. शुक्रवारी संध्याकाळी व्हायोलिनवालीने कोट घातला, हात उचलला, आमच्या त्या चिंचोळ्या दुकानात मशिनींच्या मध्ये उभी राहून वाजवायला लागली. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही. मी नुसती मुंढ्याकडे बघत होते. टाका हलला नाही, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पुढचा महिना ओढाताणीचा गेला. किंमत जास्त आहे हे मी आजही म्हणते, आणि तसं कंपनीला नणंदेकडून लिहूनही पाठवलंय: लहान दुकानांसाठी वेगळा भाव ठेवा. उत्तर आलं नाही. येईल, नाहीतर पुन्हा लिहू. गल्लीतले साचे मात्र वाढत चाललेत.

सवय अजून जात नाही. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की हात आपोआप त्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जातो. आजही गेला. तेवढ्यात व्हायोलिनवाली दारात उभी. जागा मिळाली तिला! आता उन्हाळ्यासाठी दुसरा, पातळ कोट हवा होता.

मी हात मागे घेतला आणि आत ओरडले, "ये गं लवकर, गिऱ्हाईक आलंय."

"आज वार कोणता, वहिनी?" ती आतून चिडवत म्हणाली.

"गुरुवार," मी म्हटलं. "खराखुरा गुरुवार आहे, बाई."