करुणाचा वेगळा कप

“कोणाला बोलू नको हां, सगुणा. मनस्वीचं लग्न जमायचंय.”

आंब्याच्या कलमावरून पडलेल्या लवूने स्ट्रेचरवर बायकोचा हात घट्ट धरून हे सांगितले होते. आता त्याचा मोडलेला पाय सांधला होता, पाऊसही ओसरला होता. सगुणाच्या कानातून तो आवाज मात्र जात नव्हता. आज तुळशीला पाणी घालतानाही तो आला. तिने पाणी घातले, दिवा लावला. मनात काहीच हलले नाही.

लवूच्या रक्तात बी प्रकारच्या काविळीचा विषाणू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी पूर्वीच सगुणाला लस देऊन समजावले होते, की हा रक्तातून पसरतो, ताटावाटीतून नाही. नेम म्हणून ती रोज नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची. तिला काही झाले नव्हते. पण गावाला कोण समजावणार? पंगतीत पान वेगळे पडले असते.

त्या दिवशी इस्पितळात कचरा भरताना सफाईवाल्या करुणाच्या बोटात लवूला टोचलेली सुई घुसली. कंत्राटी बाई, तिला लस कोण देतो!

“वैनी, दादांना काही आजार नाही ना?”

“छे गो!”

एवढाच शब्द. करुणाने त्यावर विश्वास ठेवला, बोट धुतले आणि कामाला लागली.

काल ती बाजारात भेटली. डोळे हळदीसारखे.

“बी कावीळ निघाली, वैनी. ठेकेदार बोलला, घरूनच आणलंस. काढलान कामावरून. सासूबाईंनी कप वेगळा केलाय.” ती हसली. “आमच्या आजीला गावानं करवंटीतनं चहा पाजलान. माझी बरी, घरातच सोय झाली.”

सगुणाला रडूही आले नाही.

“उद्या येते. तुझ्याच कपातून चहा घेईन.”

“उगाच काय बोलता, वैनी!”

“येते.”

आज सगुणाने ओटीवर येऊन सांगितले, “करुणाला खरं सांगायला जाते. मग तिच्याबरोबर इस्पितळात, ती सुई तुमची होती ते सांगायला.”

“वेड लागलं काय गो?” लवू ओरडला. “वाळीत टाकतील आपल्याला!”

“तिला टाकलंच आहे.”

तांदूळ निवडणाऱ्या मनस्वीचा हात थांबला. “आई, रविवारी मला बघायला देवरूखची माणसं यायचीत...”

“येऊ देत. त्यांनाही सांगू.”

सगुणाने पदर खोचला, चपला घातल्या आणि बौद्धवाडीकडच्या उतरणीला लागली.