खपलीची पोळी

एस्तेरने रेशनची पिशवी सुपात उलटी केली आणि दोन्ही हातांनी बदाबदा झटकली. ज्वारी पडली, मूठभर खडे पडले, एक मेलेला किडा पडला. गव्हाचा एकही दाणा पडला नाही. तिनं पुन्हा झटकली, तशी पिशवी तळाशी टरकन फाटली.

"झालं समाधान?" चुलीपुढून आई म्हणाली. "आगं, दुकानदारानं तरी कवा बघितलाय गहू? सगळा पलटणीला चाललाय."

लढाईचं पाचवं वर्ष होतं, आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. सांगलीहून पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा सायकल मारत वस्तीवरच्या लहानशा प्रार्थनामंदिरात येत, आणि प्रभूच्या आठवणीत पोळी मोडून वाटायचं ते प्रभुभोजन तेवढ्या एका दिवशी व्हायचं. त्याची पोळी नेहमी एस्तेरच्या घरून जाई, कारण तिचे अण्णा, म्हणजे अनंत मास्तर, वस्तीवरच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच होते.

अण्णा ओसरीवर उभे राहून उद्याचा कोट ब्रशानं झाडत होते.

"अण्णा, भाकरीच नेऊ या की," एस्तेर म्हणाली. "इथं सगळे भाकरीच तर खातात."

"प्रभुभोजनाला गव्हाची पोळी लागते. मंडळीचा नियम आहे."

"पण प्रभूनं डोंगरावर एवढ्या लोकांना जेवू घातलं, ते जवाच्या भाकरींवर!"

"ते डोंगरावरचं जेवण. हे प्रभूचं मेज." अण्णांनी कोट खुंटीला लावला. "गहू नसेल तर भोजन होणार नाही. पाळकसाहेब उपदेश करतील आणि परत जातील."

एस्तेर सांगलीच्या बोर्डिंगातून सुटीला आली होती. गेल्याच महिन्यात तिला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, आणि तेव्हापासून जगातला कुठलाही वाद आपण उभ्या उभ्या जिंकू, अशी तिची खात्री झाली होती. आताही तिच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. पण आईनं डोळे वटारले, आणि तिन्ही गिळावी लागली.

अण्णा शाळेकडे गेल्यावर आईनं फाटकी पिशवी उचलली, तिच्या तळाला गाठ मारली आणि एस्तेरच्या हातात दिली.

"कुंडलच्या वाटंनं जा. वढ्याच्या पल्याड खळं पडलंय म्हनत्यात."

"कुणाचं गं?"

"मला काय ठावं?" आई चुलीकडे तोंड करून फुंकर घालत राहिली. चूल तर छान पेटलेली होती.

ओढ्यापलीकडे मळा एकच होता. गोदाक्काचा. एस्तेर घरातून चालत निघाली आणि कुंपणाबाहेर पडताच पळू लागली.

गोदावरी तिची थोरली बहीण. दोन वर्षांत हे नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. गोदाच्या म्हाताऱ्या सासूनं बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, सुनेच्या कपाळाला एकदा कुंकू बघू द्या, मग जाते. गोदानं लावलं. खिडकीतून ते मंडळीतल्याच हरणाबाईंनी पाहिलं आणि गोष्ट पंचांपुढे आली. मंडळीपुढे उभी राहा आणि पाप कबूल कर, असं अण्णांनी लेकीला सांगितलं. गोदा उभी राहिली आणि म्हणाली, "म्हातारी हसली. तेवढंच झालं." तिला मंडळीबाहेर काढण्यासाठी पहिला हात वर झाला तो अण्णांचा. गेल्या साली तिनं सुगीच्या दानाला धान्याची पाटी पाठवली, तर अण्णांनी ती दारातूनच परत केली. बाहेर काढलेल्या माणसाचा दाणा मेजापर्यंत येता कामा नये, असाही नियम होता.

गोदा खळ्यात तिवईवर उभी राहून वारं देत होती. केस भुशानं पांढरे झालेले, पदर कमरेला खोचलेला. तिचा नवरा ज्योतिबा पलटणीत गेल्यापासून मळा ती एकटीच बघत होती.

"कोन ती? एस्ते? आगं बया, केवढी झालीस!"

"आक्का, मला गहू हवाय. उद्याच्या प्रभुभोजनासाठी."

"हवाय व्हय? सांगलीत जाऊन 'पायजे' म्हनायचं इसरलीस जनू." गोदा हसत खाली उतरली. तिनं हात लुगड्याला पुसले, एस्तेरचे दोन्ही गाल धरले, आणि मग एकदम थांबली. "अण्णांनी धाडलं?"

तिच्या डोळ्यांत असं काही होतं की 'हो' म्हणून टाकावं. एका शब्दाचं तर काम. पण बक्षीस मिळवणाऱ्या एस्तेरला तो एक शब्द काही जमला नाही.

"आईनं," ती म्हणाली.

"बरं." गोदा खळ्याकडे बघत राहिली. "आई आजून मंदिरात माझी जागा सोडती का गं सतरंजीवर?"

"सोडते की. हरणाबाई टेकायला आल्या, की पाय पसरून बसते. म्हणते, गुडघं धरल्यात."

गोदा मोठ्यानं हसली. हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला. भुसा उडत होता, पण वारा दुसरीकडचा होता.

घरात जाऊन तिनं कांडलेला गहू आणला. बुटका, तांबूस दाणा. "खपली हाय. या अंगाला माझ्याबिगर कुनी करत न्हाई. पोळी लाल व्हती, अण्णा वळखतील."

"अण्णांना पिठातलं काय कळतंय?"

"आन् दर सनाला माझ्या हातची हुग्गी कोन मागत हुतं?" हुग्गी म्हणजे खपलीची गुळातली खीर. अण्णा ती वाटी पुसून खात आणि वर म्हणत, गोड जरा बेताचं असावं. दोघींनाही ते एकाच वेळी आठवलं.

गोदानं फाटक्या पिशवीकडे पाहून कपाळाला हात लावला आणि गहू स्वतःच्या पिशवीत ओतला. खाकी पिशवी होती, ज्योतिबाच्या जुन्या सदऱ्याची. "ही माघारी आन. आन् हे बघ, इचारलं तर खोटं बोलू नगंस. माझं नाव सांग. मग मेजावर न्हाई गेली तर न्हाई गेली."

दिवेलागणीला आई जात्यावर बसली होती. अण्णा दारात उभे राहिले.

"कुठला गहू?"

"खळ्यावरचा."

"कुणाच्या?"

जात्याची घरघर वाढली. "मी बाईमानूस. दान्याला नाव इचारत बसत न्हाई."

अण्णांनी एस्तेरकडे पाहिलं. ती तयार होती. गोदाक्काचं नाव ओठांवर घेऊन ती ताठ उभी होती. अण्णा क्षणभर थांबले, मग वळले आणि कंदिलाची काच पुसायला बसले. काच स्वच्छच होती.

ईस्टरच्या सकाळी मंदिर भरून गेलं. मेजावर पांढऱ्या कापडाखाली पोळ्या झाकल्या होत्या. आईच्या शेजारी सतरंजीवर एका माणसापुरती जागा रिकामी होती. गोदाक्का तिथं बसून गायची तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून बघायची.

प्रथेप्रमाणे भोजनाआधी अण्णा उभे राहिले. मंडळीबाहेर असलेल्यांनी या मेजापासून दूर राहावं, असं त्यांनी खणखणीत आवाजात बजावलं आणि शेवटी ते एकच नाव घेतलं. गोदावरी ज्योतिबा. वर्षातून चार वेळा अण्णांच्या तोंडून लेकीचं नाव ऐकू यायचं ते असं.

मग पाळकसाहेबांनी कापड उचललं.

पोळ्या लाल होत्या. पांढऱ्या कापडावर त्या विटेसारख्या लाल दिसत होत्या. पाळकसाहेब सांगलीचे, त्यांना त्यात काही वाटलं नाही. त्यांनी प्रार्थना केली, पोळी मोडली आणि ताट अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी हात पुढे केला नाही.

एस्तेरनं आईचं मनगट गच्च धरलं. आता ते बोलणार. हे मेज अशुद्ध झालं, म्हणणार. ताट परत जाणार, आणि ज्या खळ्यावरून गहू आला तिथंही हे कळणार. मागच्या रांगेत हरणाबाई कुजबुजल्या, "खपली दिसती गं." कुणीतरी त्यांना गप्प केलं.

अण्णांनी ताट घेतलं. ते रांगेतून हळूहळू पुढे सरकले. माणसांनी तुकडे उचलले. हरणाबाईंनी त्यांचा तुकडा बराच वेळ बोटांत धरला आणि मग डोळे मिटून तोंडात टाकला. आईपाशी आल्यावर ताट थांबलं. आईनं घेतलं, एस्तेरनं घेतलं, तरी ताट त्या रिकाम्या जागेवर तसंच धरलेलं होतं. अण्णा वाकून उभे होते, खांदे उतरलेले. अण्णांचं वय झालंय, हे एस्तेरला पहिल्यांदाच दिसलं.

सर्वांत शेवटी त्यांनी स्वतःचा तुकडा खाल्ला. एवढासा तुकडा, पण ते कितीतरी वेळ चावत राहिले.

भोजनानंतर उरलेली पोळी अण्णा नेहमी मंदिरामागच्या लिंबाखाली स्वतःच्या हातानं पुरत, बाहेरच्या कुणाच्या तोंडी पडू नये म्हणून. आजही ते मागे गेले. एस्तेर आणि आई घरी आल्या तरी ते आले नव्हते. आले तेव्हा कोट अंगात होता आणि हाताला माती नव्हती.

त्यांनी खुंटीवरची खाकी पिशवी काढली, उलटसुलट करून पाहिली.

"ही आपली नव्हे."

"नव्हे," एस्तेर म्हणाली.

"मग परत द्यायला हवी. आणि कुणाची वस्तू रिकामी परत देऊ नये." ते वर्गात सांगत त्याच आवाजात म्हणाले. कोटाच्या खिशातून त्यांनी पांढऱ्या रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं, पिशवीत अलगद ठेवलं आणि पिशवीचं तोंड स्वतः दुमडलं.

एस्तेरनं पिशवी छातीशी धरली. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

अण्णा कुंपणापर्यंत आले. "तिला म्हणावं..."

एस्तेर थांबली. अण्णा ओढ्याच्या वाटेकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, पुन्हा मिटले.

"काही नाही. ऊन व्हायच्या आत जा."

ऊन तर केव्हाच डोक्यावर आलं होतं. एस्तेर पळत सुटली. ओढ्यापाशी पोचल्यावर तिनं वळून पाहिलं, तर अण्णा अजून कुंपणाशी तसेच उभे होते. उन्हात, टोपीशिवाय.