खात्यावरचं नाव

"काका, आधार नाही चालत इथे." काउंटरमागच्या श्रेयसने कार्ड परत सरकवलं. "बिल पण नाही. आधी फोनमध्ये जो खाता होता, वोही मागतोय तो."

देवासच्या त्या मोबाईलच्या दुकानात जगदेवरावांनी काउंटरवर सगळा संसारच मांडला होता: आधार, पेन्शनचं पासबुक, फोनचा रिकामा डबा, बिल. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढलेला माणूस. कागद दाखवला की काम होतं, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. फोन सारखा अडकतो म्हणून शेजाऱ्याने दोन बटणं दाबून धरली आणि तो कोरा करकरीत करून दिला. आता त्यांचाच फोन त्यांना 'तुम्ही कोण' म्हणून विचारत होता.

"भिया, त्यात तिचा आवाज आहे रे," ते म्हणाले.

सुमंगलाबाई शेवटचे तीन महिने उपचारासाठी धारला मुलीकडे होत्या. रोज दुपारी तिथून बोलणं रेकॉर्ड करून नवऱ्याला पाठवायच्या. जेवलात का, गोळी घेतली का, तुळशीला पाणी घातलं का. चैत्रात त्या गेल्या. खातं उघडलं तर ते आवाज परत मिळतील असं श्रेयस म्हणाला होता आणि तेवढ्या आशेवर जगदेवराव सकाळपासून स्टुलावर बसून होते.

खातं काढलं होतं सुमंगलाबाईंनीच. यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"नंबर तर तुमचाच आहे ना? मग नंबर आणि खात्यावरचं नाव टाकलं की सापडेल," श्रेयस म्हणाला.

जगदेवराव टाकलं. नाही. नुसतं जगदेव टाकलं. आडनाव आधी, आडनाव नंतर. मग सुमंगला. फोन ढिम्म. आपलं नाव आपल्याच उपयोगी पडत नाही हे पाहून म्हातारा रडकुंडीला आला. शेवटी सिमकार्ड घातलेल्या साध्या फोनवरून त्यांनी धारला मुलीला गाठलं.

"चिऊ, आईने नाव काय टाकलं असेल गं?"

"बाबा, आई तुमचं नाव कधी घ्यायची तरी का? लग्नात उखाण्यात घेतलं असेल, बस. ती तुम्हाला जे म्हणायची ना, वोही टाकून बघा."

जगदेवरावांचे कान गरम झाले. भर दुकानात हे सांगायचं कसं? तरी सांगितलं.

श्रेयसने एकेक अक्षर टाकलं: चिऊचे बाबा. साध्या फोनवर अंक आले, ते भरले आणि खातं सापडलं. जगदेवरावांनी त्याचा हातच धरला.

मग फोनने पासवर्ड विचारला. चिऊचं नाव झालं, लग्नाची तारीख झाली, कुलदैवत झालं. विसरलो म्हणून सांगितलं, पुन्हा अंक भरले. उत्तर आलं, हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही.

"काका, आता माझ्या हातात काहीच नाही." श्रेयसचा आवाज उतरला. "बंद करू?"

"नको करूस."

खात्याचं नाव अजून वर दिसत होतं. चाळीस वर्षं ही हाक त्यांनी ऐकली होती. तिने लिहिलेली आज पहिल्यांदा पाहत होते. थोड्या वेळाने पडदा अंधूक व्हायला लागला. जगदेवरावांनी बोट पुढे केलं आणि त्यावर हलकेच टेकवलं.